पहिल्या सोलरप्लेटआधी

सोलरप्लेट म्हणजे उन्हाने कडक होणाऱ्या पॉलिमरचा थर असलेली छपाईची प्लेट. आवडतं चित्र लगेच तिच्यावर घेऊ नकोस, आधी टेस्ट स्ट्रिप कर, म्हणजे छोट्या तुकड्यावर किती वेळ ऊन लागतं ते बघ. चार बोटं रुंद तुकडा काप, चित्र छापलेल्या पारदर्शक फिल्मची शाईची बाजू पॉलिमरला टेकव, वर काच घट्ट दाब. मग उन्हात वर पुठ्ठा धरून तो दर 30 सेकंदांनी थोडा सरकवत जा, म्हणजे प्रत्येक पट्टीला वेगवेगळा वेळ ऊन मिळेल. ऊन कमी पडलं तर नंतर पाण्याने धुताना ब्रशखाली पॉलिमरच वाहून जातं. जास्त झालं तर बारीक रेषा बुजतात आणि शाई धरत नाहीत. ढगाळ दिवशी पुन्हा टेस्ट.

डॅन वेल्डन यांनी 1970च्या दशकात ही पद्धत रुजवली. धातूची प्लेट कोरताना वापरतात तसं नायट्रिक ॲसिड नको, साधं पाणी पुरतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी हातमोजे घालच, कच्चं पॉलिमर त्वचेला त्रास देतं. धुतलेली प्लेट लगेच टिपून कोरडी कर, पाण्याचे थेंब राहिले तर त्यांचे डाग प्रिंटमध्ये उमटतात. मग पुन्हा उन्हात ठेवून कडक होऊ दे.