नव्वद हजारांतले सर्जनचे किती?

प्रश्न : माझ्या पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन लातूरला खासगी दवाखान्यात झालं. तासाभराचं काम, बिल नव्वद हजार. दिवसाला तीन केले तरी हिशोब करा! मुलगा अकरावीला लातूरलाच नीटच्या क्लासला आहे. टेस्टमध्ये 720 पैकी 410 पडतात. हल्ली फोनवर धड बोलत नाही. त्याला सर्जनच करायचं ठरवलंय. कमी पडलं तर दोन एकर विकून मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेऊ. काय करावं?
— एक पालक, औसा तालुका

उत्तर : भाऊ, दवाखान्याचा हिशोब तुम्ही चोख मांडलात. लेकराला काय आवडतं, याची मात्र एक ओळ नाही. ‘ठरवलंय’ म्हणता, कुणी ठरवलं? आणि ‘फोनवर धड बोलत नाही’ हे मार्क आणि जमीन यांच्या मधोमध जाता जाता लिहून टाकलंत. मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. सोळा-सतरा वर्षांचं पोर, भाड्याची खोली, मेसचा डबा, टेस्टवर टेस्ट, आणि घरून फोन आला की पहिला प्रश्न ‘किती पडले?’ कशाला बोलेल ते?

410 चं म्हणाल तर अजून बारावी पुढे आहे. त्याची काळजी नको.

आता ते बिल कपाटातून काढा आणि ओळीने वाचा. खोलीभाडं, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस, भूलतज्ज्ञ, असिस्टंट, औषधं, तपासण्या. सर्जनची फी ही त्यातली एक ओळ. दवाखाना त्याचाच असेल तर बाकीच्यातूनही काही उरतं, पण त्याआधी इमारतीचा हप्ता, सिस्टरांचे पगार, लाइटबिल. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात तर सर्जनला पगार असतो. दिवसाला एक ऑपरेशन करो की सहा, महिनाअखेरीचा पगार तोच. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या केसला पॅकेज ठरलेलं. खोली, औषधं, भूल सगळं त्यातच, आणि पैसे जमा होतात दवाखान्याच्या खात्यावर. मोठ्या हॉस्पिटलांत कुणी ठरलेल्या मानधनावर, कुणी टक्केवारीवर. (पेशंट पाठवण्याचा कट घेणारेही आहेत, नियमात बसत नसताना. तो हिशोब मात्र कुठल्याच बिलावर दिसत नाही.) आणि तासाभराचं काम म्हणालात, तर ऑपरेशननंतरचे राऊंड आणि रात्री दोनला ‘पेशंटला ताप आलाय’ म्हणून येणारा फोन कोणत्या तासात धरायचा?

रस्ता तुम्हाला माहीत असेलच : एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा नीट पीजी, सर्जनच्या पदवीची म्हणजे एमएसची तीन, सरकारी सीट असेल तर सरकारी सेवेचा बाँड. स्वतःच्या नावाचा दवाखाना उघडेपर्यंत तिशी सहज गाठते. ज्याला हे काम मनापासून करायचंय तो ही वर्षं काढतो. बापाच्या बिलावरून ठरवलेली वर्षं निघत नाहीत.

जमीन विकू नका. एमबीबीएसला विकलीत, तर एमएसला काय विकणार?

या रविवारी लातूरला जा. भाकरी-ठेचा बांधून न्या, दिवसभर त्याच्यासोबत राहा, मार्कांचं नाव काढू नका. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि ते तुम्ही वाचू नका.