डीएमएची ऑडिशन : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वादनात किंवा गायनात अमेरिकेत डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. ही पदवी बहुतेक ठिकाणी डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स, म्हणजे डीएमए, या नावाने दिली जाते. इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्ज स्कूलसारख्या काही संस्था तिला डॉक्टर ऑफ म्युझिक म्हणतात. अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १ डिसेंबरच्या सुमारास संपते आणि प्रत्यक्ष ऑडिशन साधारण जानेवारी ते मार्च या काळात होतात, हे पुढील उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी व्हायोलिनवादक असून मला ऑर्केस्ट्रात नोकरी हवी आहे. मास्टर्सनंतर डीएमए केल्यास माझी निवड होण्याची शक्यता वाढेल का?

वाढणार नाही. अमेरिकेतील मोठ्या ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशन, निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत, पडद्याआड घेतल्या जातात आणि तेथे तुमच्या पदव्या नव्हे, तर निवडक उतारे तुम्ही कसे वाजवता हेच ऐकले जाते. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतसंस्थेत डॉक्टरेटचा अभ्यासक्रमच नाही, तरीही तेथील विद्यार्थी देशातील उत्तम ऑर्केस्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आले आहेत. डीएमए प्रामुख्याने विद्यापीठात शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यात अनेक एकल मैफली, सप्रयोग व्याख्यान, सर्वंकष परीक्षा आणि लेखी प्रबंध असा मोठा व्याप असतो, आणि त्यात जाणारा वेळ उताऱ्यांच्या रियाझातूनच वजा होतो. शिकवण्याची ओढ मनापासून असेल तरच या वाटेला यावे.

प्रश्न : पियानोच्या ऑडिशनसाठी फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराचा बी मायनर सोनाटा नुकताच हाती घेतला आहे. शुबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा (डी. ९६०) मी दोन वर्षे वाजवत आहे, पण त्यामुळे कार्यक्रम हलका वाटेल अशी भीती वाटते. काय ठेवावे?

शुबर्ट ठेवा. निवड समितीसमोर त्या आठवड्यात लिस्टचा सोनाटा अनेकदा वाजलेला असतो आणि पुरता न मुरलेला लिस्ट पहिल्या दोन पानांतच ओळखू येतो. मास्टर्सच्या ऑडिशनमध्ये हा विद्यार्थी पुढे कुठवर जाईल याचा अंदाज घेतला जातो. डॉक्टरेटच्या ऑडिशनमध्ये मात्र समोरचा माणूस आज स्वतःच्या बुद्धीने संगीताचे निर्णय घेतो का, हे पाहिले जाते. ज्या रचनेत तुम्ही दीर्घकाळ राहिला आहात, तिच्यातच ते निर्णय ऐकू येतात.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. शुबर्टच्या या सोनाट्याच्या पहिल्या भागात एक्स्पोझिशनची, म्हणजे मुख्य सुरावटी मांडणाऱ्या सुरुवातीच्या खंडाची, पुनरावृत्ती घ्यायची की नाही, याबद्दल मोठ्या वादकांमध्येही मतभेद आहेत, कारण पुनरावृत्ती गाळली की तिच्याकडे परत नेणाऱ्या पहिल्या समाप्तीतले नऊ बार (स्वरलिपीतील मात्राखंड), जे त्या भागात पुन्हा कोठेही येत नाहीत, ते संपूर्णपणे नाहीसे होतात. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल पुनरावृत्ती गाळत असत. ऑडिशनमध्ये वेळेअभावी तुम्हीही ती गाळाल आणि तसे करणे योग्यच आहे. पण मुलाखतीत कोणी विचारले की मैफलीत तुम्ही काय करता आणि का, तर त्याचे तुमचे स्वतःचे उत्तर तयार हवे. असे उत्तर देणाऱ्या उमेदवाराकडे समिती भावी सहकारी म्हणून पाहू लागते, आणि मला हा या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत मोलाचा क्षण वाटतो.

दोन व्यावहारिक गोष्टी. बाखचा प्रिल्यूड आणि फ्यूग, अभिजात काळातील एक सोनाटा, त्यानंतरच्या रोमँटिक काळातील एक मोठी रचना आणि विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातील एखादी रचना, अशी मागणी सर्वसाधारणपणे असते. शुबर्टला काही संस्था अभिजात गटात धरतात, तर काही रोमँटिक गटात, म्हणून प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारून घ्यावे. दुसरे असे की, पहिली रचना बहुधा तुम्ही निवडता, पण त्यानंतर समिती मध्येच थांबवून दुसरीकडे नेते. थांबवले म्हणजे नापसंत केले, असा अर्थ काढू नये. डेव्हलपमेंटच्या (सुरावटींच्या विस्ताराच्या) आरंभापासून, रीप्राइजपासून (त्या परत येतात तेथून), कोडापासून (अखेरच्या खंडापासून), असे कोठूनही निःशंकपणे सुरू करण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो.

प्रश्न : मी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आहे. प्राथमिक निवडीचे रेकॉर्डिंग स्टुडिओत करावे का, आणि चांगले चांगले तुकडे जोडले तर चालतात का?

तुकडे जोडणे चालत नाही. प्रत्येक रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, एकाच चित्रणात हवी. निरनिराळ्या रचना वेगवेगळ्या दिवशी चित्रित केल्या तर सहसा हरकत नसते. स्टुडिओपेक्षा मध्यम आकाराचे सभागृह बरे, कारण गायिकेचा आवाज जागेत कसा पसरतो हे समितीला ऐकायचे असते. रेकॉर्डरमधील आवाजाची पातळी आपोआप सावरणारी सोय आठवणीने बंद करा, नाहीतर तुमचा पियानिसिमो (अगदी हळू स्वर) आणि फोर्टे (जोरकस स्वर) जवळजवळ सारखेच ऐकू येतील. पियानोची साथ प्रत्यक्ष असावी, ध्वनिमुद्रित नव्हे. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या चारही भाषांची अपेक्षा असते आणि डॉक्टरेटच्या पातळीवर उच्चारांतील ढिलाई खपवून घेतली जात नाही. ऐकणारे पहिल्या फाइलवरच बरेचसे मत बनवतात, त्यामुळे तुमच्या आवाजाला सर्वांत शोभणारी रचना प्रथम ठेवा. हे सारे ऑक्टोबरअखेर हातावेगळे करावे.

प्रश्न : ज्यांच्याकडे शिकायचे आहे त्या प्राध्यापकांना अर्जापूर्वी पत्र लिहिले, तर तो वशिला लावण्याचा प्रयत्न वाटेल का?

मुळीच नाही, उलट न लिहिणे हेच नुकसानीचे ठरू शकते. वाद्यसंगीतात प्रवेश विद्यापीठात मिळत असला, तरी खरी जागा एका शिक्षकाच्या वर्गात मिळते, आणि एखाद्या वर्षी त्या शिक्षकाकडे डॉक्टरेटसाठी एकच जागा असते किंवा एकही नसते. ते रजेवर जाणार असतील, निवृत्त होणार असतील, तर तुमची ऑडिशन कितीही रंगली तरी उपयोग होत नाही. ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये दहा-बारा ओळींचे ईमेल लिहा: तुम्ही कोण, कोणाकडे शिकलात, पुढच्या वर्षी जागा आहे का, आणि एखादा धडा घेता येईल का. त्या धड्याचे शुल्क किती, हे आधीच विचारण्यात गैर काही नाही. सोबत रेकॉर्डिंगची एखादी लिंक पुरे.

धड्यात तुमचीही निवड चाललेली असते, हे विसरू नका. शिक्षक केवळ दुरुस्त्या सांगतात, की एखादी गोष्ट तुम्ही अशी का केली हेही विचारतात, याकडे लक्ष द्या. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोला. पदवी पूर्ण व्हायला प्रत्यक्षात किती वर्षे लागतात आणि आधीचे विद्यार्थी आज कोठे शिकवत आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकाहून अधिक सांगून जातात.

प्रश्न : बासरीसाठी एका विद्यापीठाने असिस्टंटशिपसह (विद्यापीठातील कामाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या आर्थिक साहाय्यासह) प्रवेश देऊन १ एप्रिलपर्यंत होकार मागितला आहे. माझ्या पहिल्या पसंतीच्या संस्थेने प्रतीक्षायादीत ठेवले आहे. काय करावे?

प्रथम ते विद्यापीठ कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेच्या १५ एप्रिलच्या ठरावावर सही केलेल्यांच्या यादीत आहे का, ते पाहा. ही यादी जाहीर असते. ठराव मान्य केलेल्या संस्थेने आर्थिक साहाय्यासह प्रवेश दिला असेल, तर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नसते. तसे असल्यास ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागा आणि त्याच दिवशी दुसऱ्या संस्थेला आपली स्थिती कळवा. यादीत नाव नसेल, तर मुदतवाढ देणे न देणे त्यांच्या हाती राहते.

हातातले पत्र मात्र बारकाईने वाचा. शिक्षणशुल्क माफ झाले, तरी इतर शुल्के आणि आरोग्य विमा त्यात धरलेला असतोच असे नाही; साहाय्य किती वर्षांचे आहे आणि उन्हाळ्यात मिळते का, हे लेखी विचारून घ्या. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, त्यामुळे उरलेला खर्च नोकरीतून भागवू, हा हिशेब जुळत नाही. येल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिक्षणशुल्कच आकारले जात नाही, पण अशा जागा थोड्या. कर्ज काढून डीएमए करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; विद्यापीठांतील कायम नोकऱ्या इतक्या कमी आहेत की ते कर्ज फेडण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

प्रश्न : क्लॅरिनेटच्या ऑडिशनबरोबर संगीतशास्त्र आणि इतिहासाची परीक्षाही आहे, शिवाय लेखनाचा नमुना मागितला आहे. याला किती महत्त्व द्यावे?

संस्थेनुसार फरक पडतो. बहुतेक ठिकाणी ही परीक्षा पातळी ठरवण्यासाठी असते. तीत कमी पडल्यास प्रवेश सहसा नाकारला जात नाही, पण उजळणीचे वर्ग घ्यावे लागतात, ज्यांचे श्रेयांक बहुधा पदवीत धरले जात नाहीत आणि वेळ व पैसा मात्र खर्च होतो. लेखनाच्या नमुन्यासाठी संगीतकाराचे चरित्र सांगणारा निबंध न पाठवता स्वरलिपीतील दाखले देऊन काही मुद्दा सिद्ध करणारा लेख पाठवा, कारण पुढे प्रबंध लिहू शकेल असा माणूस त्यातून शोधला जातो. परीक्षेसाठी निनावी स्वरलिपी समोर ठेवून तिचा काळ, शैली आणि संभाव्य संगीतकार कारणांसह लिहिण्याचा सराव करा. त्याच्या जोडीला फ्यूग आणि सोनाटा रूपाचे विश्लेषण, तसेच रोमन अंकांनी केलेले हार्मनीचे विश्लेषण हात बसेपर्यंत करावे. क्लॅरिनेटवादकाचा अभ्यास बहुधा मोत्सार्टपासून सुरू होत असल्याने १७५० पूर्वीचे संगीत कच्चे राहते. उजळणीला तेथूनच आरंभ करा.