युद्ध आणि मताधिकार

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील सेवेचे बक्षीस म्हणून कॅनडातील स्त्रियांना मताधिकार मिळाला, हे खरे आहे का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : हे अर्धेच खरे आहे. मॅनिटोबा प्रांतातील स्त्रियांनी तो हक्क जानेवारी १९१६ मध्येच चळवळ करून मिळवला होता. देशाच्या निवडणुकीत १९१७ साली आघाडीवरील लष्करी परिचारिकांनी मतदान केले; निळा पोशाख आणि पांढरे शिरोवस्त्र यांमुळे सैनिक त्यांना ‘ब्लूबर्ड’ म्हणत. त्याच वर्षी, सक्तीच्या सैन्यभरतीसाठी पाठिंबा हवा असल्यामुळे, पंतप्रधान रॉबर्ट बोर्डेन यांच्या सरकारने सैनिकांच्या पत्नी, विधवा, माता, बहिणी आणि मुली यांना मताधिकार दिला, तर शत्रुदेशात जन्मून मार्च १९०२ नंतर नागरिक झालेल्या अनेकांचा तो काढून घेतला. म्हणजे ज्या आईचा मुलगा खंदकात, तिला मत; तिच्या शेजारणीला नाही. याला स्त्रियांचा गौरव म्हणणे मला पटत नाही. २४ मे १९१८ रोजी सर्वसाधारण कायदा झाला, तरी ब्रिटिश कोलंबियातील भारतीय कुटुंबांना १९४७ पर्यंत आणि बहुतेक मूलनिवासी स्त्रियांना १९६० पर्यंत थांबावे लागले.