टॅपेस्ट्री विणायला हातातली कोणती अवजारं घ्यावीत?

बेळगावात घरी लहान चौकटीवर टॅपेस्ट्री, म्हणजे रंगीत दोऱ्यांनी चित्र विणलेलं कापड, शिकायची तर काय घ्यावं, असं विचारलंय. आधी पंजा, म्हणजे वीण ठोकून बसवायचं दातांचं अवजार, घ्या, आणि पैसे त्यातच घाला. बाणा (आडवा दोरा) इतका दाबून बसला पाहिजे की ताणा (उभे दोरे) दिसूच नये. ते काम पंज्याचं. त्याचे दात ताण्याच्या दोऱ्यांमधून सहज उतरले पाहिजेत, जाड असले तर दोरे फाकतात. घेताना कापसाचा बोळा दातांवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथे खरखर आहे, बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. माझ्या पहिल्या पंज्याने ताण्याचे दोन दोरे तुटले ते याच कारणाने. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदला बायका हातमागावर जमखाने (सतरंज्या) विणतात, त्यांचा हात एकदा जाऊन बघाच.

धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारं अवजार, मात्र नको. बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या साडीच्या मागावर तो काठापासून काठापर्यंत धावतो. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जाऊन परत फिरतो. त्याला दोरा गुंडाळायची टोकदार लाकडी बॉबिन, नाहीतर बोटांवर गुंडाळलेली लोकरीची छोटी लडी पुरते. कात्री आणि बोथट सुई घरचीच चालेल. पंजा मिळेपर्यंत जेवणाचा काटा वापरा.