वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन तिकिटांची रांग

प्रश्न : मुलीला नवी मुंबईतील एका मोठ्या संगीत कार्यक्रमाला जायचे होते. विक्री दुपारी बाराला सुरू होणार म्हणून आम्ही बाराच्या ठोक्याला साइट उघडली, तर आमच्यापुढे काही लाख लोक रांगेत होते. आमच्याकडच्या मंद इंटरनेटमुळे असे झाले का? पुढच्या वेळी काय करावे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : दोष इंटरनेटचा नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या जानेवारी 2025 मधील कार्यक्रमांची विक्री 22 सप्टेंबर 2024 रोजी दुपारी बाराला सुरू झाली, तेव्हा एक कोटीहून अधिक लोक बुकमायशो या तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावर आल्याचे सांगण्यात आले, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची क्षमता मात्र पन्नास हजारांच्या घरात आहे. एवढी तफावत असल्यावर मुंबईत वेगवान जोडणी घेऊन बसलेल्यांनाही रिकाम्या हाती उठावे लागते.

आपण बाराला आलात, हे मात्र उशिराचे ठरले. अशा विक्रीच्या आधी बहुधा एक ‘वेटिंग रूम’ उघडली जाते. विक्री सुरू होण्यापूर्वी तिथे हजर असलेल्यांना अनेक संकेतस्थळे सोडत काढावी तसे क्रमांक देतात आणि नंतर येणारे त्या सर्वांच्या मागे उभे राहतात. त्यामुळे तासभर आधी येणाऱ्याला दहा मिनिटे आधी येणाऱ्यापेक्षा जास्त फायदा होतोच असे नाही, पण एक मिनिट उशिरा येणाऱ्याचे नुकसान नक्की होते. एकाच खात्यातून पाच टॅब उघडल्याने पाच क्रमांक मिळतील असे समजू नये, आणि रांगेत असताना पान ‘रिफ्रेश’ करू नये, कारण त्यात मिळालेली जागाही हातची जाऊ शकते. घरातील दोघांनी आपापल्या खात्यांतून, आपापल्या उपकरणांवर बसणे हा रास्त मार्ग आहे. ठरावीक बँकेच्या कार्डधारकांसाठी आधी वेगळी विक्री असते काय, हेही जाहिरातीत पाहून ठेवावे.

खरी फसगत पुढे होते. रांगेतून आत गेल्यावर निवडलेली आसने मोजकी मिनिटेच आपल्या नावे राखली जातात आणि तेवढ्यात पैसे भरावे लागतात. मोबाइलवरच रांग आणि मोबाइलवरच यूपीआय असे केल्यास पिन टाकायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाताच ब्राउझरमधील पान पुन्हा लोड होऊ लागते. म्हणून रांग लॅपटॉपवर आणि पैसे मोबाइलवर, अशी विभागणी करावी. किनारपट्टीवर ओटीपीचा संदेश कोणत्या खोलीत चटकन येतो ते घरच्यांना ठाऊक असतेच, त्याच खोलीत बसावे. वीज गेली की वायफायही जाते, तेव्हा मोबाइलचा डेटा हाताशी असू द्यावा. कोणता विभाग घ्यायचा आणि तो न मिळाल्यास दुसरा कोणता, किती रुपयांपर्यंत, हे आदल्या रात्रीच मुलीशी बोलून ठरवावे. तिकिटावर सुविधा शुल्कही लागते, ते हिशेबात धरावे.

‘सोल्ड आउट’ दिसले म्हणून लगेच उठू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांचे पैसे भरायचे राहिले त्यांची आसने काही मिनिटांनी पुन्हा विक्रीत येतात, आणि मागणी पाहून कार्यक्रमही वाढतात: कोल्डप्लेचा मुंबईतील तिसरा कार्यक्रम विक्रीच्याच दिवशी जाहीर झाला आणि पुढे अहमदाबादचेही जाहीर झाले.

तिकीट हाती आले की परतीची गाडी पाहावी. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्यामुळे कार्यक्रमाचे तिकीट आधी आणि गाडीचे नंतर, असा क्रम लागतो. नेरूळहून हार्बर मार्गाने पनवेल गाठता येते. पण कोकणात जाणाऱ्या कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या तिथे मध्यरात्रीनंतर येतात, म्हणून पनवेलहून कुडाळचे आरक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेचे काढावे. या एका तारखेपायी कुटुंबेच्या कुटुंबे फलाटावर अडकतात.

प्रश्न : खात्यातून पैसे गेले, तिकीट मात्र आले नाही. आता काय करावे?
– एक वाचक, दापोली

उत्तर : घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी ‘माय बुकिंग्ज’मध्ये नोंद झाली आहे का ते पाहावे. झाली नसल्यास यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, विक्रेत्याला पुष्टी न मिळालेल्या अशा व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाल्यास दर दिवशी 100 रुपये भरपाई देय असते. ती आली नाही तर आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी.

प्रश्न : टेलिग्रामवर एक जण दुप्पट दराने तिकीट देतो आहे. त्याने तिकिटाचे छायाचित्रही पाठवले आहे. घ्यावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घेऊ नये. तेच छायाचित्र त्याने आणखी दहा जणांना पाठवले असेल तर दारावर क्यूआर कोड एकदाच चालेल, आणि आयोजकांनी मूळ खरेदीदाराचे ओळखपत्र मागितले तर तेही आपल्याकडे नसेल. मूळ विक्रेत्यानेच तिकीट दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय दिली असेल तर तिचाच वापर करावा. पैसे आधीच पाठवले असल्यास वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.