डोक्याचा घेर वाचताना वय कोणते धरायचे?

प्रश्न : आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन १.३ किलो. आता ती चार महिन्यांची आहे आणि डोक्याचा घेर ३७.५ सेंमी आहे. वाढीच्या तक्त्यात तो सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली जातो. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात तर घेर कमीच झाला होता. तिचा मेंदू वाढत नाही का?

उत्तर : आकडा बरोबर आहे, वय चुकीचे धरले आहे. मुलगी दहा आठवडे आधी आली. सतरा आठवड्यांतून ते वजा केले की तिचे सुधारित वय सात आठवडे येते. तिथे ३७.५ सेंमी मधल्या रेषेच्या जवळच बसतो. दोन वर्षांची होईपर्यंत हीच वजाबाकी करून तक्ता वाचा. पहिल्या आठवड्यातली घट बहुधा अंगातले जादा पाणी उतरल्याची असते, त्यात मेंदू आटत नाही.

एका आकड्यापेक्षा रेषेची दिशा पाहावी. गर्भारपणाच्या हिशेबाने चाळिसावा आठवडा येईपर्यंत घेर आठवड्याला अर्धा ते एक सेंमी वाढतो, पुढे वेग मंदावतो. तुमच्या मुलीला येत्या महिन्यात साधारण सव्वा सेंमी पुरे. वाढ त्याहून बरीच कमी पडली तर आधी वजन आणि दूध पाहतात. प्रथिने आणि ऊर्जा कमी पडली की डोक्याची वाढही रेंगाळते.

उलट, रेषा भराभर वर चढली तर ‘डोके छान भरतेय’ म्हणून खूश होऊ नका. बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूच्या पोकळ्यांलगतच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात, मग मेंदूतल्या पाण्याचा निचरा अडतो आणि पोकळ्या फुगतात. बाळ शांत बसलेले असतानाही टाळू (डोक्यावरची मऊ जागा) फुगलेली व ताठ, कवटीचे सांधे रुंदावलेले, नजर खाली झुकलेली, उलट्या, सुस्ती, यातले काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातूनच सोनोग्राफी करता येते.

मोजण्यातच अर्धी गफलत होते. शिवणाची कापडी टेप ताणते, ती नको. न ताणणारी टेप भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून न्या. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा मिलिमीटरपर्यंत लिहा. कुशीवर निजून लांबुळके झालेले डोके त्याच आकारमानाच्या गोल डोक्यापेक्षा थोडा जास्त घेर दाखवते, हेही ध्यानात असू द्या. महिन्यातून एकदा मोजले तरी चालेल. रोज टेप लावून मिलिमीटरचा फरक शोधलात तर हाती फक्त मोजणीतली चूक लागेल.