जर्मनीत युनियनचा पदाधिकारी नेमका कसा माणूस असतो?

तुम्ही विचारलंय की जर्मनीतला युनियनचा पदाधिकारी आपल्याकडच्यासारखाच असतो का. मी स्टुटगार्टजवळ एका कारखान्यात नोकरी करतो आणि ‘इगे मेटाल’ या धातुकामगारांच्या संघटनेचा सभासद आहे. पगाराचा एक टक्का वर्गणीत जातो. माझे बाबा पिंपरीत युनियनमध्ये होते. तिथे करार व्हायचा तो एका कंपनीपुरता. इथे सहसा अख्ख्या विभागातल्या धातुउद्योगाचा एकच करार होतो. तो करार लढून मिळवणारा एक माणूस सांगतो, म्हणजे कल्पना येईल. विली ब्लायशर. स्टुटगार्टमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि कामगार संघटनांचं भवनही त्याच रस्त्यावर आहे.

जन्म १९०७ चा, स्टुटगार्टमधल्या कानश्टाटचा. वडील डाइमलर या मोटार कंपनीत कामगार. विली बेकरीचं काम शिकले, पण पुढे तेही डाइमलरमध्येच लागले आणि युनियनच्या कामात पडले. कम्युनिस्ट होते, पण वरून आलेला आदेश मुकाट्याने मानणारे नव्हते, पक्षाशी बिनसलं. हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडला, मग परत आले आणि १९३६ मध्ये पकडले गेले. अडीच वर्षांची शिक्षा भोगून झाली तरी सोडलं नाही. १९३८ मध्ये रवानगी थेट बुखेनवाल्डच्या छळछावणीत.

तिथे कैद्यांचे काढून घेतलेले कपडे आणि चीजवस्तू ठेवायची एक कोठी होती. ब्लायशर तिथले मुकादम, अर्थात स्वतःही कैदीच. ती इमारत मी पाहिली आहे. लाकडी बराकी गेल्या, मोकळा उतार उरलाय आणि त्याच्या तळाशी ही भलीमोठी इमारत एकटी उभी आहे. आत आता संग्रहालय आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये स्टेफान नावाचं साधारण साडेतीन वर्षांचं ज्यू पोर बापाबरोबर छावणीत आलं. ब्लायशर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याला सांभाळलं. त्याच सुमाराला, छावणीत ठार मारलेल्या थेलमान या कम्युनिस्ट नेत्यासाठी कैद्यांनी चोरून शोकसभा घेतली. त्यावरून ब्लायशरना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, उचललं आणि त्यांचा अतोनात छळ केला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सप्टेंबर १९४४ मध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवायच्या दोनशे मुलांच्या यादीतून स्टेफानचं नाव खोडलं गेलं आणि त्याजागी सोळा वर्षांच्या विली ब्लूमचं नाव आलं. तो सिंती समाजाचा, म्हणजे नाझींनी ज्यूंसारखाच छळलेल्या रोमा-सिंती लोकांपैकी. त्याचा दहा वर्षांचा भाऊ रुडोल्फ यादीत होता. धाकट्याला एकटं सोडायला तो तयार नव्हता. दोघेही परत आले नाहीत. पूर्व जर्मनीत वर्षानुवर्षं ही सुटकेची कथा अभिमानाने सांगितली गेली, पण तिच्यात विली ब्लूम नव्हता. यात ब्लायशरना कमी लेखायचं नाही. १९६५ मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने त्यांचा गौरव केला, तो योग्यच होता. पण मी त्या इमारतीत उभा होतो तेव्हा डोळ्यांपुढे ते दोघे भाऊच होते.

युद्धानंतर ब्लायशर युनियनच्या वरच्या मंडळात पोचले आणि १९५० मध्ये तिथून बाहेरही पडले. युद्धानंतर पुन्हा जवळ केलेला कम्युनिस्ट पक्षही सोडला. मग गाइसलिंगेनसारख्या छोट्या गावात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९५९ मध्ये स्टुटगार्ट विभागाचे युनियनप्रमुख झाले ते १९७२ पर्यंत.

१९६३ चा इथल्या धातुकामगारांचा मोठा संप त्यांच्याच काळातला. मालकांना पगारवाढ द्यायचीच नव्हती. एप्रिलच्या अखेरीस संप सुरू झाला आणि मालकांनी उलट टाळेबंदी पुकारली. लाखो कामगार कारखान्याबाहेर. शेवटी तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, अर्थमंत्री लुडविग एरहार्ट मध्यस्थीला बसले. पाच टक्के लगेच आणि पुढच्या एप्रिलपासून आणखी दोन, असं ठरलं.

आणि मालकांच्या बाजूने कोण होतं? हान्स मार्टिन श्लायर, डाइमलरचे बडे अधिकारी, पूर्वी एसएस या हिटलरच्या सशस्त्र दलात अधिकारी राहिलेले. ज्यांनी छावणीत वर्षं काढली, त्या ब्लायशरना अशा माणसासमोर बसून, तोल न ढळू देता, एकेका टक्क्यासाठी घासाघीस करायची होती. ‘जिवंत माणसापुढे कधी वाकायचं नाही’ हे त्यांचं वाक्य इथे अजून सांगितलं जातं. आमच्या कारखान्यात करार संपत आला की कुणी ना कुणी ते म्हणतंच.